कावळ्यांचं पान

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, एक चित्र असतं. शाळेच्या वहीच्या पानाएवढं. ओढ्याच्या काठी खडकाला पाठ टेकून एक म्हातारा बसलाय, दाढी छातीवर रुळतेय, एक हात वर उचललेला. वरून दोन कावळे उतरतायत. पहिल्याच्या चोचीत काहीतरी गोल, चपटं. दुसऱ्याच्या चोचीत काय आहे ते कळत नाही, कारण नेमकं तिथंच कधीतरी चरबीच्या मेणबत्तीचा थेंब पडलाय. चिंचोक्याएवढा डाग, खालच्या अंगाला बारीक शेपटी ओघळलेली. उजेडासमोर धरलं की तेवढाच भाग तेलकट कागदासारखा आरपार दिसतो.

हा एलीया. बायबलच्या जुन्या करारातला संदेष्टा. देशात आता पाऊस पडणार नाही, असं त्यानं अहाब राजाला तोंडावर सांगितलं आणि मग करीथ नावाच्या ओहोळाकाठी जाऊन लपला. तिथं कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देत. ‘१ राजे’ हे पुस्तक, सतरावा अध्याय. मराठी बायबलातही तिथं ‘भाकर’च आहे. तो शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या कावळ्याच्या चोचीतला गोल तुकडा एकदम ओळखीचा झाला.

चौदा वर्षांपूर्वी हे चित्र घेतलं तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या बाजारात एक माणूस खोक्यात प्लास्टिकच्या पाकिटांची चळत घेऊन बसला होता. फुलं, पक्षी, नकाशे, बायबलातले प्रसंग. कुठून आली विचारलं, तर म्हणाला, जुन्या पुस्तकांतून. कावळे आवडले म्हणून मी पंधरा डॉलर दिले आणि घरी आले. आल्या आल्या फोटो काढून पुण्याला बाबांना पाठवला.

बाबांनी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात अडतीस वर्षं कंपोझिटर, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारा, म्हणून काम केलं. त्यांचा लगेच फोन आला. चित्र कसं आहे, कुणाचं आहे, काही नाही. पहिला प्रश्न, “मागची बाजू कशी आहे?”

मागे काही नाही, कोरी आहे, म्हटलं.

“तशी नाही. डोळे मिटून बोट फिरव. मागनं उठाव लागतोय का? आणि पुढून शाई वर आल्यासारखी वाटतेय का?”

मी फिरवलं. मागून काही लागेना. पुढून मात्र, म्हाताऱ्याच्या झग्याच्या चुण्यांवर, अगदी बारीक खरखर. शाई कागदावर उभी होती.

“मग हा ठोकळा नव्हे. तांब्याचा पत्रा आहे,” बाबा म्हणाले. “काठ बघ, दाबलेला असेल.”

तीन बाजूंना काठ होता. चौकटीबाहेर बोटभर अंतरावर कागद किंचित खाली दबलेला, जणू कुणी पानावर जड ताट ठेवून उचललं असावं. चौथ्या, म्हणजे खालच्या बाजूला काठ नव्हता. तिथं कागद सरळ पात्यानं कापलेला होता. कोरणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव असतं ते नेमकं तिथंच.

त्या दिवसापासून मी हा नाद धरला. जुनी अमेरिकन धार्मिक कोरीव चित्रं. ऐपतीप्रमाणे घ्यायची, नाही परवडलं तर वाचनालयात जाऊन बघायची. आज माझ्याकडे बासष्ट कागद आहेत. त्यातले खरोखर दुर्मीळ म्हणावेत असे तीन-चार.

बाबांनी फोनवर सांगितलेली गोष्ट या सगळ्याच्या मुळाशी आहे. लाकडी ठोकळ्यावर जे छापायचं ते उंच ठेवतात आणि बाकीचं लाकूड खोदून काढतात. खिळ्याचं, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षराचंही तसंच, अक्षर वर, बाजू खाली. म्हणून ठोकळा खिळ्यांच्या शेजारी एकाच फर्म्यात, म्हणजे चौकटीत, आवळता येतो आणि मजकूर-चित्र एका दाबात छापून होतं. तांब्याच्या पत्र्याचं उलटं. रेघ आत कोरायची, शाई आत भरायची, वरचा भाग कापडानं नि तळहातानं स्वच्छ पुसायचा आणि ओलसर कागद वर घालून पत्रा रुळांतून असा दाबून काढायचा की कागद त्या रेघांत शिरून शाई उचलून आणेल. त्याला यंत्र वेगळं, माणूस वेगळा, वेळ वेगळी. त्यामुळे तांब्यावरची चित्रं सुटी छापली जात आणि बांधणीवाला ती मजकुराच्या पानांत घालून शिवत असे. पुस्तकात ती पाहुण्यासारखी असतात. काढून घेणंही म्हणूनच सोपं पडतं.

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, वसाहत करणारे प्युरिटन, इंग्लंडहून आलेले कडवे प्रोटेस्टंट, देवाच्या चित्राला हात लावणारे नव्हते. त्यांच्या प्रार्थनाघरात मूर्ती नाही, रंगीत काच नाही, भिंतीवर चित्र नाही. मूर्ती-प्रतिमा करू नये ही बायबलातली दुसरी आज्ञा त्यांनी अक्षरशः पाळली. तरी चित्र आलंच, आणि ते धर्मोपदेशकाच्या चेहऱ्यातून आलं. इंग्रजी वसाहतींत छापलं गेलेलं पहिलं व्यक्तिचित्र १६७०च्या सुमाराचं आहे. बोस्टनजवळच्या डॉर्चेस्टरचे उपदेशक रिचर्ड मॅदर, वारल्यानंतर वर्षभरानं. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात चष्मा. लाकडात कोरणारा जॉन फॉस्टर हा त्याच गावचा मुलगा, हार्वर्डमधून नुकता शिकून बाहेर पडलेला. या चित्राच्या आज जेमतेम पाच प्रती माहीत आहेत. त्यातली एक मी राहते त्या वूस्टर गावात, जुनी छापील पुस्तकं-कागद जपणाऱ्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीत आहे.

ती मी पहिल्यांदा बघितली तेव्हा बराच वेळ चेहऱ्याकडे लक्षच गेलं नाही. खांद्यांवरून एक आडवी रेघ जाते, तिच्याकडेच बघत राहिले. ठोकळा दोन तुकड्यांचा आहे. वर डोकं, खाली धड. छापताना दोन तुकडे एकत्र आवळले, पण सांधा लपला नाही. बाबांच्या छापखान्यात मोठ्या ब्लॉकचे असे सांधे मी पाहिले होते. मधे कागदाची चिंधी घालून ते बरोबर करायची खटपट चालायची. साडेतीनशे वर्षांपूर्वी बोस्टनजवळ कुणीतरी तीच खटपट करत होतं. त्याला ती पुरती जमली नव्हती आणि त्यानं ते तसंच छापलं. माझ्यासाठी तो सांधा हीच त्या चित्राची सही आहे.

फॉस्टर १६८१ साली गेला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. डॉर्चेस्टरच्या दफनभूमीतल्या त्याच्या दगडावर त्याला कल्पक गणिती आणि मुद्रक म्हटलंय. वर एक चित्र कोरलंय. सांगाडारूपी मृत्यू मेणबत्ती विझवायला पुढे झालाय आणि दाढीवाला काळ त्याचा हात धरून थांबवतोय. हे चित्र त्या दगडफोड्यानं मनानं काढलेलं नाही. फ्रान्सिस क्वार्ल्स या इंग्लिश कवीच्या १६३८ सालच्या प्रतीकचित्रांच्या पुस्तकात ते आहे. म्हणजे पुस्तकातलं कोरीव चित्र समुद्र ओलांडून आलं आणि ज्यानं या किनाऱ्यावर पहिलं चित्र छापलं त्याच्याच उशाशी दगडात उतरलं.

एकाच मॅदर घराण्याचा माग काढला तरी या कलेची सगळी वाट दिसते. आजोबा रिचर्ड लाकडात. मुलगा इन्क्रीज तांब्यात, थॉमस एम्सनं १७०१ साली कोरलेला; वसाहतींतलं तांब्यावर कोरलेलं पहिलं व्यक्तिचित्र म्हणतात ते हेच. आणि नातू कॉटन मेझोटिंटमध्ये, १७२८ साली. तो पीटर पेलमनं केला. पेलम लंडनमध्ये शिकून बोस्टनला आला होता. मेझोटिंटमध्ये पत्र्याला आधी दातेरी हत्यारानं सगळीकडून खरवडून काढतात. त्या अवस्थेत छापला तर मखमलीसारखा काळाकुट्ट कागद निघतो. मग जिथं उजेड हवा तिथं घासून घासून गुळगुळीत करायचं. अंधारातून चेहरा वर आणायचा. कॉटन मॅदरचा मोठा पांढरा टोप त्या काळ्यातून असा वर येतो की टोपाचे केस मोजावेत.

पण एवढ्यावर पेलमचं पोट भरलं नाही. त्यानं बोस्टनमध्ये शाळा काढली. वाचन-लेखन, गणित, नाच, काचेवरची चित्रं, भरतकाम, जे मागाल ते शिकवलं. पुढे त्यानं एका विधवेशी लग्न केलं. तिचा मुलगा जॉन सिंगलटन कॉप्ली. हाच कॉप्ली पुढे अमेरिकेचा मोठा चित्रकार झाला. पेलम १७५१ साली वारला. घरात त्याचे जुने पत्रे पडून होते. त्यातला एक रेव्हरंड विल्यम कूपर यांचा, १७४३ सालचा. पंधरा वर्षांच्या कॉप्लीनं १७५३ साली तो पत्रा घेतला, कूपरसाहेबांचा चेहरा घासून काढला आणि त्या जागी नुकतेच वारलेले रेव्हरंड विल्यम वेलस्टीड बसवले. झगा तोच, धड तेच, चेहरा आणि नाव बदललं.

तांबं महाग होतं आणि पोराला काम मिळवायचं होतं. पण मला या पोराबद्दल फार माया वाटते. सावत्र वडील गेलेत, त्यांची हत्यारं हातात आहेत, त्यांनी राबून घडवलेला चेहरा आपण पुसतोय. कॉप्लीनं उभ्या आयुष्यात मेझोटिंट केलं ते हे एकच.

थोरामोठ्यांच्या या चित्रांपेक्षाही माझा जीव खरा गुंतलाय तो पोरांच्या पुस्तकांतल्या ओबडधोबड ठोकळ्यांत. ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ ही तिकडची बाराखडी. सतराव्या शतकाच्या शेवटी निघाली आणि दीडशे वर्षं घरोघर होती. ए म्हणजे ॲडम, त्याच्या पतनात आपण सगळे पापी झालो. शेजारी झाड, साप आणि दोन माणसं, सगळं मिळून पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत. के या अक्षरासमोर राजाचे गुण गाणारी ओळ होती, ती स्वातंत्र्यानंतर गावोगावच्या छापणाऱ्यांनी बदलून टाकली. आणि पुढे एक मोठं चित्र, १५५५ साली लंडनच्या स्मिथफील्डमध्ये जिवंत जाळलेल्या जॉन रॉजर्स या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचं. खांबाला बांधलेला माणूस, ज्वाळा, शिपाई, आणि बाजूला त्याची बायको नऊ लहानग्यांसह आणि एक अंगावरचं. प्रत्येक गावच्या छापणाऱ्यानं आधीच्या चित्रावरून आपला ठोकळा खोदला. त्यामुळे दरवेळी पोरांची डोकी थोडी अधिक गोल, थोडी अधिक टिंबासारखी होत गेली. माझ्याकडच्या प्रतीत ती नऊ टिंबं ओळीत उभी आहेत. कुण्या पोरानं प्रत्येक टिंबाला पेन्सिलीनं दोन डोळे काढलेत. नऊच्या नऊ जणांना. आईच्या हातातल्याला नाही. तो झोपलाय असं त्या पोराला वाटलं असावं.

लाखांनी छापलेलं पुस्तक दुर्मीळ कसं होतं, याचं उत्तर त्या पेन्सिलीत आहे. पोरांनी ते वापरून संपवलं. सगळ्यांत जुनी हाती असलेली प्रत १७२७ सालची. तिच्या आधीच्या साऱ्या आवृत्त्या हातांनी खाऊन टाकल्या.

याच पुस्तकापायी मी एकदा फसलेही. १७७७ सालची, बोस्टनची प्रत म्हणून एका विक्रेत्यानं मला जी विकली त्यात मुखपृष्ठावर तेच साल होतं, तेच गाव होतं. सहा महिन्यांची बचत त्यात गेली. घरी आणून खिडकीसमोर पान धरलं आणि पोटात गोळा आला. १७७७चा कागद हातानं, चिंध्यांच्या लगद्यापासून, तारांच्या साच्यावर उचललेला असतो. उजेडात त्या तारांच्या उभ्या-आडव्या रेघा दिसतात. इथं सगळं सपाट, एकसारखं. १८४३ साली हार्टफर्डमध्ये त्या १७७७च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण झालं होतं, जुन्या मुखपृष्ठासकट. पुनर्मुद्रण सांगणारी खूण माझ्या प्रतीतून गायब होती. विक्रेत्यानं पैसे परत दिले नाहीत. ती प्रत मी ठेवली आहे. नव्यानं गोळा करू लागलेलं कुणी घरी आलं की आधी ती खिडकीसमोर धरायला देते, मग खरी.

बाबा आईबरोबर २०१४ साली वूस्टरला आले. नायगारा बघितला, न्यूयॉर्क बघितलं, पण ते उत्सुक होते ते आयझाया थॉमसचं यंत्र बघायला. आयझाया थॉमस म्हणजे सहाव्या वर्षी छापखान्यात उमेदवारीला लावलेला पोर. नीट वाचताही येत नव्हतं तेव्हा त्याला फळकुटावर उभं करून खिळे जुळवायला दिले होते. १७७५ साली बोस्टनमध्ये इंग्रज फौजेचा फास आवळत चालला तेव्हा त्यानं आपलं छापयंत्र रातोरात नदीपलीकडे काढलं आणि वूस्टरला आणलं. तीन दिवसांनी लेक्सिंग्टनला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी चालली. ते लाकडी यंत्र, ‘ओल्ड नंबर वन’, थॉमसनं १८१२ साली स्थापन केलेल्या त्या सोसायटीत अजून उभं आहे.

बाबा त्याच्यापुढे हात मागे बांधून उभे राहिले. देवळात राहतात तसे. मग हळूच म्हणाले, “दांडा डाव्या बाजूनं झिजलाय. ओढणारा उंच नसणार.”

थॉमसनं १७९१ साली वूस्टरमध्ये मोठ्या आकाराचं बायबल छापलं, पन्नास तांब्याच्या चित्रांसह. त्याआधी अमेरिकेत असं सचित्र फोलिओ बायबल झालं नव्हतं. शुद्धतेसाठी त्यानं मजकूर वेगवेगळ्या तीसएक आवृत्त्यांशी ताडून पाहिला. त्याच वर्षीच्या जरा लहान आकाराच्या बायबलासाठी जाहिरात दिली, की निम्मी किंमत गहू, राय, मका, लोणी किंवा डुकराच्या मांसात दिली तरी चालेल. चित्रं युरोपी चित्रांवरून उतरवलेली. जोसेफ सीमूर, अमोस डूलिटल, सॅम्युअल हिल, जॉन नॉर्मन हे ती कोरणारे. खरं सांगायचं तर त्यातली बरीच चित्रं मला जड वाटतात. माणसं मोठाली, हातवारे नाटकातले. पण लोण्याच्या बदल्यात बायबल नेणाऱ्या बाईच्या घरात चित्र म्हणून भिंतीवर दुसरं काही नव्हतं, हे मनात धरून बघितलं की तीच माणसं वेगळी दिसतात.

वाचनालयाच्या खोलीत त्यांनी आमच्यापुढे ते फोलिओ उघडलं. बाबांनी परवानगी घेऊन पान उलटलं आणि मजकुराच्या पानाची मागची बाजू तिरप्या उजेडात बघितली. “दाब थोडा जास्त झालाय. पण खिळा नवा आहे, कड बघ कशी आलीय.” मग समोरच्या पानाकडे बोट केलं. मी इतकी वर्षं असली पुस्तकं बघत होते, पण हे मला कधी दिसलंच नव्हतं. चित्रासमोरच्या मजकुराच्या पानावर, अक्षरांच्या मागे, फिक्या तपकिरी रंगात अख्खं चित्र उमटलं होतं. उलटं. डाव्याचं उजवं. तांब्याच्या चित्राला शाई फार लागते आणि तिच्यातलं तेल वर्षानुवर्षं समोरच्या कागदात झिरपत जातं.

“चित्र काढून नेलं तरी हे राहणार,” बाबा म्हणाले. आयुष्यभर उलटी अक्षरं वाचलेल्या माणसाला ते उलटं चित्र सरळ चित्राइतकंच सहज दिसत होतं.

घरी येऊन मी कावळ्यांचं पान काढलं. त्याची डावी कड, जिथं ते कधीकाळी शिवलं होतं, पहिल्यांदा नीट बघितली. तिथंही पात्याचा छेद होता. खोक्यातल्या त्या प्लास्टिकच्या पाकिटांत काय होतं ते तेव्हा मला उमगलं. कुणाच्यातरी घरचं, मेणबत्तीच्या उजेडात वाचलेलं बायबल चिरून त्याचे सुटे पंधरा-पंधरा डॉलर केले होते, आणि त्यातले पंधरा मी दिले होते. पुस्तकं अशी मोडून विकणं हा धंदा आहे आणि तो बेकायदा नाही. मला त्याचा मनापासून राग येतो. त्या दिवसानंतर मी पुस्तकातून कापलेलं एकही पान घेतलेलं नाही.

सुटंच छापलेलं घ्यावं, ही माझी वाट झाली. तसंही बरंच आहे. डूलिटलची, येशूनं सांगितलेल्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राची चार चित्रं १८१४ साली कनेटिकटमधल्या चेशर गावी निघाली, ती भिंतीवर लावण्यासाठीच होती. बापाची इस्टेट वाटून घेणारा तो मुलगा त्यात पॅलेस्टाइनचा नाही, त्या काळच्या कनेटिकटच्या तरुणाच्या कपड्यांत आहे. बघणाऱ्या बापाला आपलाच पोरगा दिसावा. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन लोकांत मुलाच्या जन्माची आणि बाप्तिस्म्याची छापील पत्रकं असत. देवदूत, पोपट, ट्युलिप यांचे ठसे छापायचे, वर हातानं रंग भरायचे आणि मधल्या मोकळ्या जागेत फिरता लेखक किंवा गावचा मास्तर मुलाचं नाव घालायचा. ही पत्रकं लोक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवत. अनेक पेट्यांबरोबर गेली.

आणि अलेक्झांडर अँडरसन. न्यूयॉर्कचा, १७७५ सालचा जन्म. तिथल्याच कोलंबिया कॉलेजातून १७९६ साली डॉक्टर झाला. १७९८ साली न्यूयॉर्कला पिवळ्या तापाची साथ आली आणि त्या एका वर्षात त्याचं तान्हं मूल, बायको, भाऊ, आई, वडील, सगळे गेले. त्यानं डॉक्टरकी सोडली आणि लहानपणापासून हाताला लागलेलं कोरकाम धरलं. बॉक्सवुड या लाकडाच्या आडव्या छेदावर, तांब्यावर कोरायच्याच हत्यारानं, इंग्लंडच्या टॉमस ब्यूइकच्या पद्धतीनं कोरणारा तो अमेरिकेतला पहिला. १८२५ साली अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटी, धर्मप्रचाराच्या छोट्या पत्रिका छापणारी संस्था, निघाली. तिच्या पैशा-दोन पैशांच्या पत्रिकांसाठी त्यानं किती ठोकळे कोरले असतील! पंच्याण्णवाव्या वर्षापर्यंत जगला आणि नव्वदीतही कोरत होता. माझ्याकडे त्याच्या ठोकळ्यावरची एक पत्रिका आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस, बाजूला टेबलावर बाटली. ती बाटली डॉक्टरनं काढलेली आहे हे ओळखू येतं. तिच्यात औषध कुठवर आहे ती रेघसुद्धा आहे.

पुण्यातल्या एका मावशींनी मला विचारलं होतं, अगं, आपल्याकडचं सोडून हे परधर्माचं का जमवतेस? मी त्यांना आजीच्या शिवलीलामृताच्या पोथीची आठवण दिली. अकराव्या अध्यायाची पानं तेलानं पिवळी झालेली, कोपऱ्यांवर कुंकवाची बोटं. तो डाग आणि हा मेणबत्तीचा डाग मला वेगळे करता येत नाहीत. शिवाय नातंही अगदीच लांबचं नाही. १८१२ साली याच मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. १८१७ पासून अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून मराठी छापून निघू लागलं. टॉमस ग्रॅहमनं तिथं मराठी खिळे घडवले. त्याच छापखान्यात जावजी दादाजी पोरवयात लागले, खिळ्यांचं काम शिकले आणि पुढे त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. बाबांच्या खिळ्यांच्या केसमध्ये निर्णयसागरचा खिळा होता. जॉन रॉजर्सचं चित्र बघत वाढलेल्या माणसांनी आणलेला छापखाना अशा वाटेनं शनिवार पेठेत, बाबांच्या बोटांत पोचला होता.

बाबा २०१९ साली गेले. जाण्याआधी फोनवर त्यांनी दोनदा विचारलं होतं, “कावळ्यांचं पुस्तक मिळालं का?”

कारण ते मी शोधतेय. कागद, चौकटीची जाडी, कोरणीची ढब यावरून पान फिलाडेल्फियाकडचं, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतलं वाटतं. तिथं मॅथ्यू कॅरी नावाच्या आयरिश प्रकाशकानं बायबलचे सगळे खिळे जुळवून तसेच कायमचे उभे ठेवले होते. मागणी येईल तसं छापायचा, आणि गिऱ्हाइकाला हवी तितकी चित्रं घालून द्यायचा. कमी चित्रांचं स्वस्त, जास्त चित्रांचं महाग. त्याचा फिरता विक्रेता मेसन वीम्स बायबलं घेऊन खेडोपाडी हिंडायचा. जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट रचणारा तो हाच. अशा एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत सारखी चित्रं असतील याचा भरवसा नाही. म्हणून यादी बघून शोधता येत नाही, पुस्तक उघडूनच बघावं लागतं.

माझ्याकडे एक ट्रेसिंग पेपर आहे. त्यावर मी चित्राच्या ठळक रेघा, मेणबत्तीचा डाग आणि त्याची शेपटी उतरवून घेतलीय, सगळं उलटं. ज्या बायबलातून हे पान कापलं, त्याच्या ‘१ राजे’च्या सतराव्या अध्यायासमोर तोच डाग असणार, आणि त्याच्याभोवती फिका तपकिरी एलीया. जिथं जुनं बायबल दिसेल तिथं, लिलावात, वाचनालयात, कुणाच्या माळ्यावर, मी ते पान उघडते.

गेल्या ऑक्टोबरात उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या चर्चनं जुन्या वस्तूंची विक्री ठेवली होती. भरतकामाच्या उशा, कपबशा, आणि टेबलाच्या टोकाला एक मोठं बायबल, पाठीचं कातडं सोललेलं. पहिली काही पानं नव्हती, त्यामुळे गाव, साल, प्रकाशक काहीच कळेना. मी शमुवेल ओलांडलं, राजे काढलं. चौदा, पंधरा, सोळा. सतराव्या अध्यायाशी चित्र नव्हतं. शिवणीपाशी कागदाची बोटभर चिंधी उरली होती, सरळ कापलेली. आणि समोरच्या पानावर, अक्षरांच्या मागे, उलटा बसलेला म्हातारा. उलटा ओढा. वर दोन कावळे.

मी पाकिटातून ट्रेसिंग पेपर काढून पानावर धरला. खडक जुळला, हात जुळला. दुसऱ्या कावळ्याच्या चोचीपाशी कागद स्वच्छ होता. इथं डाग नव्हताच. ही दुसरीच प्रत. आणि त्या चोचीत काय होतं ते चौदा वर्षांनी पहिल्यांदाच नीट दिसत होतं. लांबट, दोन टोकांचा तुकडा. मांस. सकाळी भाकर आणि मांस, संध्याकाळी भाकर आणि मांस.

टेबलामागच्या आजींनी विचारलं, “घेणार का?” त्यांना मी म्हटलं, हे इथंच राहू दे, पण एक करा, यातलं कुठलंही पान कुणाला कापू देऊ नका. त्यांनी पुस्तक जवळ ओढलं आणि त्यावरची किमतीची चिठ्ठी काढून टाकली. मी ट्रेसिंग पेपरवर, चोचीच्या जागी, पेन्सिलीनं तो तुकडा काढून घेतला आणि घडी घालून पाकिटात ठेवला.